घरचा सर्व्हर

हॅलो? … हो ताई, बोल… हो, ऐकू येतंय… अगं ओरडू नकोस, ऐकू येतंय म्हटलं ना… एक मिनिट… नाही, तुला नाही, सरांना म्हटलं. आमचे ऑफिसातले सर मागेच उभे आहेत. हं, बोल आता.

थांब, थांब. स्क्रीन समोरच आहे माझ्या. आधी मोजून सांगते, म्हणजे उगाच गोंधळ नको. एक सर्व्हर. खरा, लोखंडी, खालच्या खोलीत पंख्यांच्या घरघरीत उभा असलेला. त्याच्यात सोळा कोअर, म्हणजे काम करणारे सोळा हात धर. त्या सोळांवर सॉफ्टवेअरने मांडलेली आठ मशीन, आम्ही लोकांना वापरायला देतो ती, प्रत्येकाला चार-चार कोअर दिलेले… हो, आठ चोक बत्तीस… आणि आहेत सोळाच. … अगं नाही, लबाडी नाही, सगळीकडे असंच चालतं. सगळी मशीन एकदम कधी धावत नाहीत, त्या भरवशावर. … तर आठातली सात शांत आहेत. एक लाल. लाल ते तुझं.

हो, हो… अगं ऐक ना… मुलं किती बसलीत पेपरला? … तीनशे बारा. सगळी हजर? … वा. आणि पहिला प्रश्न तरी दिसतोय का त्यांना? … फिरतंय. नुसतं गोल फिरतंय. किती जणांचं? … ‘सगळ्यांचं’ म्हणजे मोजून सगळ्यांचं, की ज्यांचे फोन आले त्यांचं? … ताई, थट्टा करत नाहीये मी. दोन्हींत फरक असतो.

कोण? … मुख्याध्यापिका बाई? तिथे? तुझ्या शेजारच्या खुर्चीत? … अगं बाई! तू तर म्हणालीस, त्यांच्या ऑफिसात बसून बघणार… स्वतः आल्या. बरं. … हो, माहितीये. आज जमलं तर अख्ख्या शाळेच्या परीक्षा तुझ्या क्लासकडे, नाही जमलं तर त्या दुसऱ्या क्लासवाल्याकडे. महिनाभर दुसरं काय ऐकतेय मी? … वैतागून नाही म्हटलं. … मग बाहेर येऊन बोल ना, त्या ऐकतील. … जिन्यात आहेस? ठीक.

काय सांगितलंस मुलांना? … पान पुन्हा पुन्हा उघडत राहा? … सगळ्यांना? ग्रुपवर टाकलंस? … हं. … नाही नाही, काही नाही, नुसतं ‘हं’ म्हटलं. इथे एक रेघ मघाशी सरळ वर गेलेली दिसली, तिचं कारण कळलं. … नको, थांबवू नकोस. करू दे त्यांना.

भावजींना दे बरं.

नमस्कार भावजी. … बोला. … मशीनचं पॅनेल उघडलंय? वापर किती दाखवतंय? … दहा टक्के. … दहाच्या वर जातच नाहीये, नव्वद टक्के मशीन रिकामं पडलंय, म्हणून तुम्हाला वाटतंय की घोळ इंटरनेटचा आहे. … नाही भावजी. वाचलंत बरोबर, अर्थ चुकीचा लावलात. दहाच्या वर जात नाहीये, कारण जाऊ दिलं जात नाहीये. … नाही, ते नव्वद तुमचे नाहीतच. … राउटर बंद करून चालू केलात? … दोनदा? … बरं. आणि मशीन? रीस्टार्ट करायचं म्हणताय की केलंत? … केलंत. म्हणजे जी मुलं कशीबशी आत शिरली होती तीही बाहेर पडली. … किती होती? … अंदाजे नको हो, पण असू दे. तीसेक. ‘तीसेक’ म्हणून ठेवते. … अहो, सवय आहे मला, दुसरं काही नाही. ताईला द्या.

ताई, रडतेस का? … मग नाक का ओढतेस? … सांगते ना. सोपं करून सांगते. शंभर मिलिसेकंदांचा एक फेरा धर. पापणी लवते ना, साधारण तेवढा वेळ. त्या एका फेऱ्यात चार कोअर मिळून चारशे मिलिसेकंदांचं काम उरकतात. चार माणसं, प्रत्येकाचे शंभर… बरोबर. तर तुझ्या मशीनला त्या चारशेतले फक्त चाळीस दिलेत. … चाळीस. चारावर शून्य. … एवढी मुलं एकदम आली की तुझे चारही कोअर जिवाच्या आकांताने धावतात, आणि दहा मिलिसेकंदांतच ते चाळीस संपवून टाकतात. मग फेऱ्यातले उरलेले नव्वद मशीन नुसतं उभं. पुढच्या फेऱ्याला पुन्हा दहा धावायचं, नव्वद उभं राहायचं. … हो! म्हणूनच पॅनेलवर दहा टक्के. किती छान जुळतंय बघ. … बरं. छान नाही.

नाही गं, सर्व्हर भरलेला नाहीये. … आत्ता? आत्ता सोळातले पंधरा कोअर रिकामे बसलेत. … कोणीच वापरत नाहीये. … अगं, तो वेगळा नियम. गर्दी झाली तर कोणाला आधी द्यायचं, ते ठरवायला तो असतो, आणि त्यात रिकामं असेल तर ज्याला हवं त्याने घ्यावं. हा तो नाही. ही मर्यादा आहे. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी तुझ्या नळात चकती बसवलीय, आणि तिचं भोक सुईएवढं आहे. टाकीचा काय संबंध?

कोणी बसवली म्हणजे? … मी.

… हो, मी. काल संध्याकाळी, घरी निघायच्या आधी. … चुकून नाही गं. चुकून कशी बसेल? आकडा लिहावा लागतो. कुठल्या मशीनला ते लिहावं लागतं. मग ‘नक्की ना?’ असं विचारतं, त्याला ‘हो’ म्हणावं लागतं.

तू ऐकून घेणार आहेस का? … मग ऐक. आमच्या सरांनी एक प्रश्न दिलाय. चार कोअरचं म्हणून दिलेल्या मशीनला आतून किती कमी दिलं तरी घेणाऱ्याला कळत नाही? … हो, असाच आहे प्रश्न. … स्वस्तातली योजना काढायचीय त्यांना. … तर त्यासाठी खरी गर्दी हवी होती. खोटी गर्दी मी लावून पाहिली, प्रोग्राम लिहून. पण खोटी गर्दी माणसांसारखी वागत नाही गं. घाबरत नाही. तोंडचं पाणी पळालं म्हणून दहा-दहा वेळा पान उघडत बसत नाही. … आणि तुझ्या चाचण्या कशा, दर रविवारी, मुलं तीच, प्रश्न साधारण तेवढेच. याहून चांगलं काय मिळणार होतं मला?

पहिल्या रविवारी चारशे ठेवले. म्हणजे चकतीच नाही म्हण. दुसऱ्याला दोनशे. गेल्या रविवारी शंभर… हो, गेल्याच. तू मला फोन करून म्हणालीस ना, ‘मशीन काय पळतंय गं, वाऱ्यासारखं!’ तेव्हा शंभर होते. … मला इतकं हसू येत होतं. … अगं तुला नाही हसले. खूश झाले होते. चौथ्या हिश्शावर चाललंय आणि कुणाला पत्ताही नाही, सोपं आहे का हे?

आज? आजची पायरी चाळीसची होती. … माहीत होतं ना. तूच सांगितलंस बाई बघणार आहेत म्हणून. … पुढच्या रविवारी कशी करणार? आजच्यासाठी तू एकेकाच्या घरी फोन करून करून मुलं बसवलीस, एकही गैरहजर नाही. पुढच्या रविवारी निम्मी लग्नाला गेलेली असतील, निम्म्यांचं पोट दुखेल. तीनशे बारापैकी तीनशे बारा पुन्हा कधी मिळाले असते मला?

पाया पडू नकोस गं, जिन्यात उभी आहेस. … हो, वाढवता येते. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं. … लगेच. मशीन बंदसुद्धा करावं लागत नाही. पटापट उघडतील सगळ्यांची पानं. … ओळ तर लिहून तयार आहे, समोर दिसतेय मला. … नाही. … नाही दाबणार. … कारण मध्येच हात घातला की आजचं मोजमाप वाया. … ऐंशी पण नाही. … साठ पण नाही. ताई, भाजी घेतेयस का तू?

पेपर संपला की काढते की. … तेव्हा काय उपयोग ते मला काय विचारतेस? मुलांना वेळ वाढवून दे. … बाई घड्याळ समोर ठेवून बसल्यात? … मग कठीण आहे.

कुठली मुलगी? … हुंदके देतेय? … तिच्या आईला सांग, बाकीच्यांचंही उघडत नाहीये, म्हणजे तिची जरा समजूत पटेल. … मी कोरडी बोलत नाहीये, उपाय सांगतेय.

तक्रार? कर की. नंबर देऊ ग्राहक सेवेचा? … रविवारी आलेली तक्रार याच टेबलावर येते, एवढंच सांगून ठेवते. … सरांकडे? म्हटलं ना, सर माझ्या खुर्चीमागे उभे आहेत. सगळं ऐकतायत. … हो, माहितीये त्यांना. … ते तुला नमस्कार सांगतायत.

अगं… अगं, शिव्या काय देतेस!

ताई, ते मशीन तुला कसं मिळालं आठवतंय का? … ‘तुझ्या ओळखीने फुकटात बघ काहीतरी’, कोण म्हणालं होतं? … हं. मग ऐक. इथे काम करणाऱ्यांच्या बहिणी, मेव्हणे, मावश्या, ज्यांना ज्यांना फुकट मशीन हवं असतं, त्या सगळ्यांना एकाच सर्व्हरवर बसवतात. त्याला इथे ‘घरचा’ म्हणतात. ‘घरचा चालू आहे का?’ ‘घरच्यावर लावून बघितलं का?’ … अगदी तेच. नवीन काहीही आलं की आधी घरच्यावर लावायचं. टिकलं तर मग पैसे भरणाऱ्यांकडे न्यायचं. … मी नाही काढली ही रीत, मी यायच्या आधीपासूनची आहे. … उलट कसं? तुला वाटलं, ओळखीचं मशीन म्हणजे तुझ्याकडे जास्त लक्ष? … हो, सगळ्यांना तसंच वाटतं. सरांच्या सासूबाईंचंही आहे त्याच सर्व्हरवर. मागच्या महिन्यात ते दोन दिवस बंद ठेवलं होतं, त्यांच्या लक्षात येतं का बघायला. … नाही आलं. … सर हसतायत बघ.

कोण आलं? … बाई? जिन्यात? … हळू बोल, नुसती कुजबूज येतेय… काय? … मी सांगू त्यांना? काय सांगू? … ‘कंपनीची चूक झाली, माझ्या बहिणीचा काही दोष नाही.’ … एवढंच वाक्य. … दे त्यांना.

नमस्कार मॅडम. … हो, धाकटी. … हो, मशीन आमच्याकडेच आहे. … नाही मॅडम, चूक नाही म्हणता येणार. मर्यादा ठरवून लावलेली आहे. … हो, जाणूनबुजून. … आमच्याकडून. एका चाचणीसाठी. … नाही, तिला माहीत नव्हतं. … दिसते ना, न दिसायला काय झालं? पॅनेलच्या दुसऱ्या पानावर तिसरी ओळ. … नाही, तिने ते पान एकदाही उघडलेलं नाही. आम्हाला इथे कळतं कोणी काय उघडलं ते. … खऱ्या परीक्षेला? मर्यादा एवढीच राहिली तर दर वेळी असंच होणार. काढली तर नाही होणार. … हो, तिला न सांगता पुन्हा लावता येते. … ते मी कसं सांगू मॅडम? … नाही, बहीण म्हणून विचारलंत तरी तेच. ती एवढं सगळं सांभाळू शकेल की नाही, याचं काहीच मोजमाप माझ्याकडे नाही. … हो. … नाही, त्रास कसला! … द्या तिला.

हं, ताई. … बाई कुठे गेल्या? … पर्स घेतली आणि… खाली उतरल्या. बरं. … गाडीचा आवाज आला मला इथे.

मी खोटं काय बोलले ते सांग. एक वाक्य दाखव. … ‘गप्प राहता आलं असतं.’ त्यांनी प्रश्न विचारला गं, गप्प कशी राहू? … केसाने गळा वगैरे काही कापलेला नाही. … आईला मध्ये आणू नकोस. … सांग, खुशाल सांग. ती आधी विचारेल, ‘कोअर म्हणजे काय गं?’ मग तुलाच समजावून सांगावं लागेल. आत्ताच शिकलीयस, ताजं आहे.

हो. … हो, आठवतंय. बारावीच्या प्रॅक्टिकलला तूच मला स्कूटरवर घेऊन गेलीस. … बाहेर उन्हात बसून राहिलीस, माझं संपेपर्यंत. … ताप? … हो, तुलाच होता. घरी आल्यावर आडवीच झालीस. … विसरले नाही म्हटलं ना. सगळं आठवतंय. पण ताई, ते मी यात कुठे धरू? धरायचं कसं ते सांग, मी धरते.

कसला राग? … ते? ‘बटणं दाबायची नोकरी’? … हो, म्हणालीस. काकांसमोर, मावशीसमोर, जेवायला बसलो होतो तेव्हा. सगळे हसले. मीही हसले. … छे, त्याचा काय संबंध! … तुला तसं समजून बरं वाटत असेल तर समज. पण राग असता तर मी सरळ शून्य केलं असतं ना? चाळीस कशाला देत बसले असते?

मग तूच का, ते सांगते. घरच्यावर आठ मशीन. एक सासूबाईंचं. एकावर कुणाच्या तरी मेव्हण्याच्या कविता आहेत, त्या तो मेव्हणासुद्धा उघडून बघत नाही. पाच जणांनी हौसेने घेतली आणि विसरून गेले. माणसं येतात ती फक्त तुझ्याकडे. … नाही, याच्यामागे दुसरं काही नाही. खरंच नाही. तू शोधतेयस, पण नाहीये. तुझं मशीन सोयीचं होतं.

… ताई?

मागे काय वाजलं? … बेल? संपला पेपर? … थांब, ठेवू नकोस, ठेवू नकोस! एकच काम. भावजींना विचार, जमा झालेले पेपर किती. पूर्ण जमा झालेले हं, अर्धवट धरू नका. ते इथून मला दिसत नाही, तुमच्याच बाजूला दिसतं. … ऐक ना… ऐक ना गं… जे व्हायचं ते झालंय, निदान आकडा तरी वाया नको जायला. … हो, काढते मर्यादा, हे बघ, बोट एंटरवरच आहे माझं. आधी आकडा. … विचारतेस का? … हं. … काय म्हणाले ते मागून? … एकोणीस? की एकोणतीस? … ओरडू नकोस, मला कळू दे फक्त. दहा आणि नऊ? … दहा आणि नऊ. बरं. … आणि त्यात रीस्टार्टच्या आधीचा एखादा आहे का, की सगळे नंतरचे…

हॅलो? … ताई? … हॅलो?

ठेवला.

सर, शंभरला दोनशे नव्वदपैकी दोनशे नव्वद. चाळीसला तीनशे बारापैकी एकोणीस.